खिडकीवरचा निळा कागद

आपल्याकडील अनेक आयांच्या वाट्याला अलीकडे जे कर्तव्य येते, ते मागील उन्हाळ्यात माझ्याही वाट्याला आले. मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मला इंग्लंडला जावे लागले. तालुक्याच्या गावातील अठ्ठावीस वर्षांचा दवाखाना एका तरुण सहकाऱ्याच्या हवाली केला, डिंक, खारीक, आळीव आणि बाळंतशेपा यांची पुरचुंडी बांधली आणि मी निघाले.

मुलीचे घर एका लहानशा शहरात, एकमेकींना चिकटलेल्या जुन्या विटांच्या घरांच्या रांगेत आहे. परसदाराला लागून एका जुन्या पबचे अंगण. तिथे उन्हाळ्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. घरांतून वातानुकूलन नसते, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. अंगणातील हसणे-बोलणे, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, मोकळ्या बाटल्या पिंपात रिकाम्या केल्याचा खळखळाट, हे सारे थेट बाळंतिणीच्या खोलीत येई. अकराची घंटा झाली की हळूहळू शांतता पसरे आणि मग मुलगी व नात दोघींना दोन-अडीच तासांची सलग झोप मिळे. बाळंतपण पाहिलेल्या कोणत्याही स्त्रीला त्या दोन-अडीच तासांचे मोल सांगावे लागणार नाही.

नात तीन आठवड्यांची झाली होती. एके सकाळी बाबागाडी घेऊन निघाले असता पबच्या खिडकीवर आतून चिकटवलेला फिकट निळा कागद मला दिसला. मजकूर सरकारी थाटाचा होता. गुरुवार ते शनिवार मद्यविक्रीची वेळ रात्री दोनपर्यंत वाढवून मिळावी आणि तोवर संगीतालाही परवानगी असावी, असा अर्ज स्थानिक कौन्सिलकडे केलेला होता. कोणास काही म्हणावयाचे असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावे, एवढीच शेवटची ओळ.

मुलीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “आई, तो कागद अठ्ठावीस दिवस लावावा लागतो. तेवढ्यात कुणीच काही लिहिलं नाही, तर परवाना मागितल्याप्रमाणे द्यावाच लागतो. कौन्सिलला नाही म्हणता येत नाही.”

त्या रात्री मी दोन पाने भरून पत्र लिहिले. यकृत कडक होऊन पोटात पाणी झालेले माझे रुग्ण, तिशीत विधवा झालेल्या बाया, पगाराच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसणाऱ्या आया, सारे त्यात होते. जावईबापूंनी ते लक्षपूर्वक वाचले आणि संकोचत म्हणाले, “आई, पत्र फार चांगलं आहे. पण यातलं एकही वाक्य इथे चालणार नाही.”

ते का चालणार नव्हते, हे समजून घेण्यात माझे पुढचे काही दिवस गेले. मला जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. आपल्यापैकी अनेकांची मुले आज त्या देशात राहतात, हे एक कारण. दुसरे असे की, रात्रीची झोप आणि शेजारचा धंदा यांचा तंटा आता आपल्याही गावांच्या वेशीत शिरला आहे.

परवाना देतो कोण?

इंग्लंडात मद्यगृहांना परवाना देण्याची रीत फार जुनी. १५५२ च्या कायद्याने हे काम तेथील स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सोपवले आणि सुमारे साडेचारशे वर्षे ते त्यांच्याकडेच राहिले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार वेळेवर व शुद्धीवर कामावर यावेत म्हणून १९१५ पासून पबच्या वेळा कठोरपणे आवळल्या गेल्या. युद्ध संपले, तरी वेळांचे बंधन पुरते सुटले नाही. रात्री अकराला वाजणारी शेवटची घंटा हा तेथील जीवनाचाच भाग होऊन बसला.

२००३ मध्ये नवा परवाना कायदा झाला आणि २४ नोव्हेंबर २००५ पासून तो इंग्लंड व वेल्समध्ये लागू झाला. त्याने दोन मोठे बदल केले. पहिला असा की, अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून लोकनियुक्त स्थानिक कौन्सिलकडे दिला. दुसरा असा की, सर्वांसाठी एकच बंद होण्याची वेळ हा प्रकार संपवला. प्रत्येक पब, क्लब वा नृत्यगृहाने आपल्याला हवी ती वेळ मागावी आणि त्या त्या जागेचा विचार करून कौन्सिलने ती ठरवावी. सगळे पब एकाच क्षणी बंद झाले की हजारो माणसे एकदम रस्त्यावर येतात आणि मारामाऱ्या होतात. वेळा वेगवेगळ्या झाल्या तर हा लोंढा विखुरेल, अशी त्यामागची कल्पना होती. लोंढा थोडाफार विखुरला खरा, पण त्याबरोबर गोंधळही रात्रीच्या अधिक उशिराच्या तासांकडे सरकला.

या कायद्यानुसार चार गोष्टींना परवाना लागतो. मद्याची किरकोळ विक्री, सभासदांच्या क्लबमध्ये सभासदांना मद्य पुरवणे, ठरावीक प्रकारची सार्वजनिक करमणूक, आणि रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत गरम खाद्यपेय विकणे. म्हणजे मध्यरात्री कबाब विकणाऱ्या दुकानालाही परवाना हवा. जागेचा परवाना वेगळा आणि माणसाचा वेगळा. मद्य विकणाऱ्या प्रत्येक जागेसाठी एक जबाबदार व्यवस्थापक नेमावा लागतो आणि त्याच्याजवळ वैयक्तिक परवाना असावा लागतो. लग्नसमारंभ किंवा जत्रेसारख्या तात्पुरत्या कार्यक्रमासाठी, एका वेळी ४९९ पर्यंत माणसे जमणार असतील, तर निराळी सोपी सूचनापद्धती आहे.

परवान्यावर काही अटी सर्वत्र सक्तीच्या असतात आणि डॉक्टर म्हणून त्या मला मोलाच्या वाटल्या. ग्राहकाने मागितले तर पिण्याचे पाणी फुकट द्यावे लागते. बिअर अर्ध्या पाइंटच्या, म्हणजे २८४ मिलिलिटरच्या, आणि वाइन १२५ मिलिलिटरच्या लहान मापातही उपलब्ध ठेवावी लागते. वय तपासण्याची लेखी पद्धत असावी लागते. १८ वर्षांखालील मुलाला मद्य विकणे हा गुन्हा आहे. ठरावीक वेळेत हवे तेवढे प्या, अशा बेजबाबदार योजनांना मनाई आहे.

चार उद्दिष्टे आणि एक उणीव

आता माझ्या पत्राकडे वळू. कायद्याने कौन्सिलला चारच उद्दिष्टे नेमून दिली आहेत. गुन्हे व बेबंदपणा रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे अपायापासून रक्षण. आक्षेप या चारांपैकी एकाला धरून असला तरच तो विचारात घेतला जातो. दारूने यकृत खराब होते, संसार उद्ध्वस्त होतात, हे सत्य असले तरी ‘सार्वजनिक आरोग्य’ हे इंग्लंडच्या कायद्यात उद्दिष्टच नाही.

यात एक विसंगतीही आहे. आरोग्य विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्यांना पोलीस, अग्निशमन दल, पर्यावरण-आरोग्य विभाग, बालसंरक्षण यंत्रणा यांच्याप्रमाणेच परवान्याच्या प्रत्येक अर्जावर मत मांडण्याचा अधिकार २०१२ पासून आहे. मात्र ते मत त्यांना आरोग्याच्या भाषेत मांडता येत नाही. रुग्णवाहिकेच्या फेऱ्या किंवा अपघात विभागातील जखमा, अशा गोष्टी ‘गुन्हे’ वा ‘सुरक्षितता’ यांच्या चौकटीत बसवून सांगाव्या लागतात. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र २००५ च्या आपल्या कायद्यात ‘सार्वजनिक आरोग्याचे रक्षण व सुधारणा’ हे पाचवे उद्दिष्ट स्पष्टपणे घातले. तेवढ्यावर न थांबता १ मे २०१८ पासून मद्याच्या प्रत्येक एककाला किमान किंमत ठरवली. ती प्रथम ५० पेन्स होती, २०२४ मध्ये ६५ पेन्स झाली.

एकक म्हणजे काय, हे या निमित्ताने सांगते. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर, म्हणजे ८ ग्रॅम, शुद्ध मद्यार्काला एक एकक म्हणतात. चार टक्के मद्यार्काची एक पाइंट बिअर घेतली की सव्वादोन एककांहून थोडे अधिक मद्यार्क पोटात जाते. तेथील सरकारी वैद्यकीय सल्ला २०१६ पासून असा आहे की, स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला १४ एककांच्या पुढे जाऊ नये. हा आकडा म्हणजे ‘एवढी प्यावी’ अशी शिफारस नव्हे. मद्य हे कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे. पूर्णपणे निर्धोक अशी मद्याची मात्रा नाही, हे संघटनेने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

अकरा ते दोन: झोपेचे शास्त्र

माझे पहिले पत्र मी बाजूला ठेवले. चार उद्दिष्टांपैकी एक होते ‘सार्वजनिक उपद्रव’, आणि या विषयावर डॉक्टरला बोलण्यासारखे पुष्कळ असते.

रात्रभर आपण एकसारखे झोपत नाही. सुमारे दीड-दीड तासाची आवर्तने चालतात आणि सर्वांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येते. दहा-साडेदहाला पाठ टेकणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गाढ झोप नेमकी अकरा ते दोन या वेळेत पडते. लहान मुलांच्या वाढीस लागणारे संप्रेरक मुख्यतः याच झोपेत स्रवते. शरीराची डागडुजीही याच काळात होते.

‘सवय झाली की आवाज ऐकू येत नाही’ असे म्हणतात. जाग येत नाही, हे काही अंशी खरे. पण कान झोपत नाहीत. अवचित आलेल्या आवाजाने झोपेतही हृदयाची गती वाढते, रक्तदाब क्षणभर चढतो, गाढ झोप उथळ होते. सकाळी माणसाला काही आठवत नाही, फक्त अंग जड वाटते. पंख्याच्या एकसुरी घरघरीपेक्षा मधूनच फुटणारे हसणे, गाडीचे दार आपटणे किंवा ढोलाचा ठोका अधिक त्रासदायक असतो. शयनगृहात रात्री सरासरी ३० डेसिबलहून अधिक आवाज नसावा आणि एखादा सुटा आवाज ४५ च्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे जुने मार्गदर्शन आहे. वृद्ध, पाळीने काम करणारे, हृदयरोगी आणि बाळंतिणी यांना या त्रासाची झळ अधिक लागते. बाळंतिणीची तुटलेली झोप मनाच्या उदासीनतेला खतपाणी घालते, हे तर मी माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

आत बसलेल्यांचाही विचार करावयास हवा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणे ही कानाची सुरक्षित मर्यादा मानली, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. नृत्यगृहात पेले उचलणारा विशीतला मुलगा रोज सहा-सात तास त्या आवाजात उभा असतो. तेथे सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये आणि कानात घालण्याचे बोळे उपलब्ध असावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवले आहे.

मुलीने आता निराळ्या पद्धतीचे पत्र लिहावयास घेतले. तत्पूर्वी दोन आठवडे आम्ही एक वही ठेवली. तारीख, वेळ, कोणत्या खोलीत आवाज आला, कशाचा, किती वेळ, बाळ उठले की नाही. रुग्णाचा तापाचा तक्ता ठेवावा तशी. ‘फार त्रास होतो’ या तीन शब्दांना सुनावणीत वजन नसते, ‘शुक्रवारी ११.४० ला बाटल्या ओतल्या, बाळ उठले, १२.५० पर्यंत झोपले नाही’ या नोंदीला असते. एक अडचण उरली होती. आक्षेप घेणाऱ्याचे नाव-पत्ता सामान्यतः अर्जदाराला कळवला जातो. शेजाऱ्याशी वैर नको, म्हणून मुलगी दोन दिवस घुटमळली. शेवटी रांगेतील आणखी चार घरांनी आपापली पत्रे धाडली, तेव्हा तिला धीर आला.

तीन नगरसेवकांपुढे

आक्षेप आला की सुनावणी घ्यावी लागते. कौन्सिलच्या परवाना समितीतील तीन सदस्यांची उपसमिती ती घेते. सोबत कायदेशीर सल्लागार असतो. मी मुलीच्या मांडीवरचे बाळ सांभाळण्याच्या निमित्ताने मागच्या रांगेत बसले होते. न्यायालयाचा दरारा तेथे नव्हता, पण शिस्त होती. प्रत्येकाला सारखी वेळ. तिन्ही नगरसेवकांनी कागद आधी वाचून आणले होते, हे त्यांच्या प्रश्नांवरून कळत होते.

खरे सांगायचे, तर पब चालवणारी बाई कशी असेल याचे एक चित्र मी मनात रंगवून ठेवले होते. प्रत्यक्षात उभी राहिली ती माझ्याच वयाची, दमलेल्या चेहऱ्याची स्त्री. तिने सांगितले की भाडे, वीज आणि पगार भागवताना ती मेटाकुटीला आली आहे. शहराच्या मध्यभागातील उशिरापर्यंत चालणारी ठिकाणे तिचे तरुण गिऱ्हाईक ओढून नेतात. मग ती म्हणाली की रोज दुपारी चार एकटे म्हातारे तिच्याकडे येतात, सूप घेतात, पत्ते खेळतात. एखादा आला नाही तर ती त्याच्या घरी जाऊन दार वाजवते. मी चपापले. त्या म्हाताऱ्यांपैकी एकजण मुलीच्या शेजारचा. मीही त्याला रोज पाहत होते. त्याच्या एकटेपणावर त्या गल्लीत दुसरे औषध नव्हते.

मुलीने वही वाचून दाखवली. तिने पब बंद करा असे म्हटले नाही. अंगण दहाला रिकामे करावे, बाटल्या सकाळीच ओताव्यात आणि रात्रीची वेळ वाढवू नये, एवढेच मागितले. इंग्लंडात १ जुलै २००७ पासून इमारतींच्या आत धूम्रपानाला बंदी आहे. त्यामुळे ओढणारे सारे बाहेर येतात आणि दारे बंद ठेवूनही आवाज बाहेरच राहतो, हे एका नगरसेवकाने स्वतःहून नमूद केले.

पाच दिवसांत निर्णय हाती आला. दोनऐवजी शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीपर्यंतच मुभा मिळाली, गुरुवार पूर्वीसारखाच राहिला. अंगण रात्री दहाला बंद. संगीताला ध्वनिमर्यादा घालणारे यंत्र. बाटल्या सकाळी आठच्या आधी ओतायच्या नाहीत. दाराशी ‘शेजाऱ्यांचा विचार करा, शांतपणे जा’ अशी पाटी, आणि तक्रारीसाठी व्यवस्थापकाचा दूरध्वनी क्रमांक सर्व घरांना. दोन्ही पक्षांना २१ दिवसांत दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात दाद मागता आली असती. कोणीच गेले नाही.

निर्णय एकदा झाला म्हणजे सारे संपले, असेही नाही. अटी मोडल्या गेल्या तर पोलीस किंवा साधा रहिवासीही परवान्याचा फेरविचार मागू शकतो. तेव्हा कौन्सिल नव्या अटी घालू शकते, व्यवस्थापकाला हटवू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना स्थगित करू शकते किंवा रद्दही करू शकते. लंडनमधील ‘फॅब्रिक’ या प्रसिद्ध नृत्यगृहात अमली पदार्थांमुळे दोन तरुणांचा मृत्यू झाला, तेव्हा इस्लिंग्टन कौन्सिलने सप्टेंबर २०१६ मध्ये त्याचा परवाना रद्द केला. पुढे ओळखपत्रांची यंत्रावर तपासणी आणि अन्य कडक अटी मान्य केल्यावरच जानेवारी २०१७ मध्ये ते पुन्हा उघडले.

एका शल्यचिकित्सकाची नोंदवही

या साऱ्या वाचनात मला सर्वांत आपला वाटला तो कार्डिफचा एक डॉक्टर. जोनाथन शेफर्ड हे तोंड व जबड्याचे शल्यचिकित्सक. शनिवार-रविवारी फुटलेल्या पेल्यांनी फाटलेले चेहरे शिवता शिवता त्यांच्या ध्यानात आले की रुग्णालयात येणाऱ्या हिंसाचाराच्या कित्येक जखमा पोलिसांच्या दप्तरी पोहोचतच नाहीत. त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. अपघात विभागातील नोंदणी कारकुनाने प्रत्येक जखमीला विचारावे, मार कोठे लागला, केव्हा आणि कशाने? रुग्णाचे नाव वगळून ही माहिती पोलीस व कौन्सिलला द्यावी.

अमुक रस्त्यावर, अमुक दारापाशी, अमुक वेळी जखमा होतात, हे नकाशावर दिसू लागले. मग गस्त तेथे वळवता आली, परवान्याच्या अटी तेथे कडक करता आल्या, काचेच्या पेल्यांच्या जागी सहज न फुटणारे पेले आणता आले. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच अन्य शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये हिंसाचारामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळले. हीच पद्धत आज ‘कार्डिफ प्रारूप’ म्हणून इतर देशांतही वापरली जाते.

वेळेचे महत्त्वही आकड्यांनी सिद्ध झाले आहे. नॉर्वेतील १८ शहरांच्या अभ्यासात मद्यगृहे बंद होण्याची वेळ एक तासाने पुढे गेली की रात्रीच्या मारामाऱ्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. वेळ अलीकडे आणली की त्या तशाच घटल्या. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल शहरात २००८ मध्ये पहाटे पाचची वेळ साडेतीनवर आणली गेली आणि रात्रीचे हल्ले सुमारे एक-तृतीयांशाने घटले. परवान्यावरील एक आकडा बदलला की शिवाव्या लागणाऱ्या जखमांची संख्या बदलते, एवढा याचा सरळ अर्थ आहे.

आपल्या अंगणात

परतल्यावर दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ रक्तदाब वाढल्याची तक्रार घेऊन आले. गोळ्या नियमित, मीठ कमी, तरीही आकडा उतरेना. विचारता विचारता कळले की घरामागे नवे उपाहारगृह झाले आहे आणि गच्चीवर रात्री एकपर्यंत गाणी वाजतात. “तक्रार कुणाकडे करायची, बाई? सगळ्यांचे हात वर पोचलेले,” ते म्हणाले. अठ्ठावीस वर्षे मी हा सुस्कारा ऐकत आले आहे. या वेळी मात्र मी त्यांना गोळी बदलून देण्याआधी एक वही घ्यायला सांगितले.

आपल्याकडे परवाने एका हाती नाहीत. मद्याचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. उपाहारगृह आणि अग्निसुरक्षा यांचा संबंध स्थानिक संस्थेशी येतो. रात्रीच्या आवाजाला आवर घालणे पोलिसांकडे असते. अनेक हातांत वाटलेली जबाबदारी कोणाच्याच हाती उरत नाही, याचा दारुण अनुभव २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत आला. त्या रात्री चौदा जणांचे प्राण गेले. ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे परवान्याचे उद्दिष्ट कागदावर का असावे लागते, याला याहून वेगळे उत्तर नको.

तरीही आपण अगदी निःशस्त्र नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इंग्लंडात नाही असे एक हत्यारही महाराष्ट्राकडे आहे. २००८ च्या आदेशाने गावातील वा प्रभागातील मतदार, विशेषतः स्त्रिया, पुरेशा संख्येने मागणी करून दारूच्या दुकानाविरुद्ध गुप्त मतदान घ्यायला लावू शकतात. उभी बाटली आणि आडवी बाटली ही त्या मतपत्रिकेवरची चिन्हे खेड्यापाड्यांतील बायकांना तोंडपाठ आहेत. जी गोष्ट माझ्या पहिल्या पत्रात होती आणि इंग्लंडच्या सुनावणीत चालली नसती, ती, म्हणजे उद्ध्वस्त होणारा संसार, येथे मतपेटीत मोजली जाते.

दोन्ही पद्धतींकडे अर्धे अर्धे शहाणपण आहे. त्यांच्याकडे बाटली कोणाच्या संसारावर आडवी पडली हे विचारत नाहीत. पण अंगण किती वाजता मिटावे याचा बारीक विचार करतात. आपल्याकडे दुकान ठेवायचे की हटवायचे एवढेच विचारले जाते. ठेवायचेच असेल तर कोणत्या अटींवर, हे शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. परवान्याचा अर्ज आला की आपल्याही गल्लीत असा एक कागद लागावा आणि अठ्ठावीस दिवस रहिवाशांची वाट पाहावी, ही मागणी आपल्या नगरसेवकापुढे ठेवायला हरकत नाही.

तोवर घरच्या घरी करता येण्याजोगे थोडे आहे. आवाजाची नोंद तारीख-वेळेसह ठेवा. एकट्याने नव्हे, चार घरांनी मिळून लिहा. तोंडी भांडू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. ‘बंद करा’ म्हणण्याआधी काय केले तर आपला त्रास थांबेल, हे नेमके मागा. झोप न लागणाऱ्या, रक्तदाब न उतरणाऱ्या रुग्णाने डॉक्टरांना घराभोवतालची रात्र कशी असते हेही सांगावे, आणि डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहावे. कार्डिफची सुरुवात अशाच एका प्रश्नापासून झाली होती.

त्या गृहस्थांची वही आता भरत आली आहे. गच्चीखाली राहणारी आणखी तीन कुटुंबे त्यांना मिळाली आहेत. आणि मुलीचा परवा दूरध्वनी आला. पबवाल्या बाईंनी नातीसाठी लोकरीची टोपी विणून पाठवली आहे. रात्री दहाला त्या स्वतः अंगणात येऊन खुर्च्या उचलतात. न सरकवता, उचलतात.